वाकल्यावर दिसतं तसं

जाऊ दे ती गाडी, माझी न्हवं ती. बसा की पावणं, बसा. काय म्हणता, पाटी हुपरीचीच होती? असंल. डोळ्याला कमी दिसतंय आता. येईल दुसरी. तुमची कारवारची लागायला अजून उशीर हाय, मघाशीच त्यानं भोंग्यातनं सांगितलं. पिशवी वर घ्या तेवढी, खाली कुणीतरी चहा सांडलाय. आणि तो कॅमेरा असा मांडीवर उघडा ठेवू नका. लांब निघालासा? पार कन्याकुमारीपर्यंत – समुद्राच्या कडंकडंनं – महिनाभर? बरं, बरं. मग एक विचारतो, रागावू नका. फोटो ठेवणार कुठं? काढायचं न्हवं ओ. काढाय सगळ्यांना येतंय, माझ्यासारख्या चौथी शिकलेल्याला बी आलं. ठेवणार कुठं?

हसू नका. मी बी यात्रेसनंच आलोय, आजच, दुपारी. दसरा चौकात आमची बस थांबली, सगळी आपापल्या घरला गेली, आणि मी हितं स्टँडवर येऊन बसलोय. शिखरजीला गेलतो. सम्मेद शिखरजी, तिकडं झारखंडात – आमचा जैनांचा सगळ्यात मोठा डोंगर. डोंगराच्या शेंड्याशेंड्यावर बारकी बारकी देवळं, टोंक म्हणत्यात त्यास्नी, आणि आत तीर्थंकरांची पावलं, दगडात कोरल्याली. मूर्ती न्हाय, नुसती पावलं. ती सगळी चालत हिंडायची, अनवाणी. वय विचारू नका. नेमगोंडा पाटील म्हणत्यात मला, हुपरीत कुणालाबी विचारा – पैंजण करत आलो जन्मभर. तिथं घरटी तेच काम. बारकी बारकी चांदीची कडी एकात एक गुतवायची, डाग देऊन सांधायची, की पुढची. संध्याकाळी खालची धूळ झाडून सुद्धा डब्यात भरायची, त्यात चांदीचा कण असतोय म्हणून. कण हरवला न्हाय ओ मी कधी. कण!

जायाचं माझं नव्हतंच. माझी बायकू – आक्का म्हणत्यात पोरं, म्हणून मी बी आक्काच म्हणतो – तिचं जायाचं ठरलंतं, मी नुसता सोबतीला. मला देवाधर्माचं एवढं न्हाय, देऊळ तिच्याकडं आणि भट्टी माझ्याकडं, असं आमचं चाललंतं. आणि निघायच्या तोंडावर न्हाणीत पाय घसरला तिचा. खुब्याचं हाड. आता खाटंवर हाय. मी म्हटलं, आपुन न्हाय जात. तर म्हणती, तुम्ही जायाचं आणि मला पावलं घेऊन यायची. आमच्यात एक हाय बघा – ज्याला जायाला जमत न्हाय त्यानं घरात बसूनच डोंगर चढायचा. भाववंदना म्हणत्यात. डोळं मिटायचं, पहिल्या टोंकेवर पोचायचं, वाकायचं, मग दुसरी, मग तिसरी – सगळा डोंगर, मनातनं. तर आक्का म्हणती, मी डोळं मिटते ओ, पर मला काय दिसतच न्हाय, कधी बघितलंच न्हाय तर दिसंल कसं? म्हणून फोटो. देवळाचं नकोत म्हणाली, माणसांचं तर नकोतच. पावलांचं. वाकल्यावर दिसतं तसं.

आता माझं फोटो म्हणजे – हे बघा, हा अंगठा. चांदी तापवून तापवून काळा झाल्याला. हा येतोय प्रत्येक फोटोत, कोपऱ्यात. नातीच्या बारशाचा फोटो – अंगठा. दारातल्या म्हशीचा – अंगठा. आक्का म्हणती, मी आधी अंगठा शोधते, मग फोटो बघते. चालायचंच.

तर ते जागेचं. राजगीरला पोचलो न्हाय तवर फोन म्हणाय लागला, जागा न्हाय. मी म्हटलं, तुझ्यात काय पोती भरल्याती का रं! बसमध्ये सगळीच शहाणी. एक म्हणाला, नातवाकडं पुण्याला पाठवून द्या. पाठवाय बसलो तर नुसतं चाक फिरतंय आणि फिरतंय, बस निघाली की रेंज गेली. दुसरा म्हणाला, इंटरनेटवर ठेवा, मग फोन हरवला तरी फोटो ऱ्हात्यात. मी म्हटलं, ठेवा मग. तर म्हणाला, पासवर्ड तुमचा तुम्ही नीट ठेवायचा. झालं! मी एक गोष्ट ठेवाय जागा शोधतोय, तर ह्यानं अजून एक वाढवून दिली. तिसरा म्हणाला, पुसून टाका की बिनकामाचं – आणि बोट लावलं कशाला, तर म्हशीच्या फोटोला. बिनकामाची म्हणं! आक्काची म्हस हाय ती. गेल्या साली मेली. फोन ओढूनच घेतला मी.

शेवटी जयसिंगपूरच्या दीपाताई होत्या, बँकेत हाईत, सासूला घेऊन आलत्या – त्यांनी एक कार्ड आणून फोनात बसवलं. नखाएवढं ओ. म्हणाल्या, बाबा, आता फोटो ह्याच्यात जातील, घरी गेल्यावर मी लॅपटॉपवर बी उतरवून देते, दोन ठिकाणी असावंत. आज उतरवू, उद्या उतरवू – त्यांची सासू आजारी पडली, ऱ्हायलं. त्यांची चूक न्हाय. त्यांची काय चूक?

अंधारातच चढाय लागलो. वर गेल्यावर उजाडलं, पर उजाडून काय उपेग, समदं धुकं. पाच हातांवरचा माणूस दिसंना. मी आपला फोन पोटाशी धरून. टोंक आली की आत जायाचं, वाकायचं, पावलांवर फोन धरायचा, दाबायचं. मागनं लोक – बाबाजी, आगे चलो, आगे चलो. कुणाचं हात जोडल्यालं, कुणी रडतंय, आणि मी तिथं बघतोय, अंगठा आला का. असं एकूण एक टोंक. काय बघितलं म्हणून विचारलंत तर काय सांगू? मी फोनच बघितला. एवढ्या लांब जाऊन माणसानं फोन बघावा!

न्हाय, थांबा, मेन पुढंच हाय. शेवटची टोंक पारसनाथाची, सगळ्यात उंच, लई पायऱ्या. तिथं फोन परत बोंबलला. दीपाताई पायरीवरच बसल्या, ते भरल्यालं कार्ड काढलं, आपल्याकडचं कोरं घातलं, आणि भरल्यालं माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, बाबा, जपा, धुक्यानं ओलं होईल. आता मी काय केलं सांगा? माझ्या नातवाचा फोन एकदा बादलीत पडलता, तवा सुनंनं तो तांदळात ठेवलता. तांदूळ ओल ओढतोय – बरोबर हाय का न्हाय? आणि माझ्या कमरंला तांदळाचा बटवा. मी त्यात ठेवलं. लई शहाणपणा केला असंच वाटलं ओ मला.

तांदूळ कसला विचारा की. वाहायचा. प्रत्येक टोंकेवर मूठभर वाहायचा असतोय, आणि तो तुटका चालत न्हाय, अख्खा लागतोय. आक्कानं खाटंवर पडून, ताट छातीवर घेऊन, दाणा दाणा निवडलाय तो. चष्मा लावून. कणी निघाली की बाजूला. बटवा बी तिनंच शिवला, जुन्या साडीचा. म्हणाली, मोजून पुरवा, पारसनाथाला कमी पडू देऊ नका, उरंल ते सगळं तिथं वाहा. आणि मी वाहिलं. दोन्ही हातानं बटवा उलटा केला, झटकला सुद्धा. डोकं टेकलं. आणि मग फोटो काढला. मागनं आगे चलो, आगे चलो. आलो बाहेर.

खाली धर्मशाळेत आल्यावर दीपाताईंनी लॅपटॉप काढला. द्या बाबा कार्ड. मी बटव्यात हात घातला.

त्यांनी मग फोनातला तो शेवटचा फोटो बघितला, दोन बोटांनी मोठा केला, आणि म्हणाल्या, बाबा, हे काळं काय? पावलांवर तांदळाची रास, आणि राशीत ते. अर्धं वर. अर्धं आत. मीच फोटो काढला त्याचा! मीच!

परत चढाय निघालतो मी. पहिल्या वळणापर्यंत गेलो, मग गुडघं वळंनात. एका डोलीवाल्याला सांगितलं, त्यानं वरच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, बाबाजी, तांदूळ तर दुपारीच झाडून पोत्यात भरला, सगळ्यांचा एकच होतोय. बरोबर हाय की. सगळ्यांचा एकच होतोय.

दुसऱ्यांचं फोटो? ते सुद्धा बघितलं. बसमधल्या सगळ्यांनी पाठवलं, माणसं चांगली हाईत. पर सगळ्या फोटोत माणसं ओ! पावलांकडं पाठ करून, हसत उभी. दीपाताईंची सासू, तिच्या मागं खांब, खांबाच्या मागं कुठंतरी पावलं. आक्का त्या सासूला नमस्कार करणार काय?

आणि मी तिला वरनंच फोन केलता. पायऱ्या उतरता उतरता. आली म्हटलं सगळी पावलं. तवा ते खोटं नव्हतं – म्हणजे होतं, पर मला ठावं नव्हतं. नंतर रोज विचारायची, नीट हाईत न्हवं? रोज म्हटलं, नीट हाईत. काय करणार? खाटंवरची बाई, तिला फोनात सांगू व्हय? आता उद्या सकाळी बसणार म्हणती वंदनेला. नातू पुण्यासनं आलाय, टीव्हीला जोडून देणार हाय. शेजारच्या बायकांस्नी बी बोलावलंय. मघाची गेली ती हुपरीचीच होती, पावणं. त्याच्या आधीची बी.

काय दाखवतायसा? … हे कुठनं काढलंत? इंटरनेटवर हाईत व्हय सगळी? बघू. व्हय, हीच की. चंद्रप्रभूंची टोंक ही, लई लांब, एका बाजूला हाय. … सगळी उतरवून घेतो म्हणता? माझ्या फोनात देता येतील? एकूण एक? … तिला कळणार न्हाय, असं म्हणता.

द्या मग. द्या. देवाचीच पावलं हाईत, तुमी काढली काय, मी काढली काय.

थांबा जरा. परत दाखवा ती. हे ऊन कसलं ह्यात? ऊन नव्हतं ओ. निळं आभाळ तर नव्हतंच. तिथं पावलांत पाणी साठलंतं, धुक्याचं, अंगठ्याच्या खळीत एवढंसं, आणि त्यात कुणाचातरी एकच दाणा तरंगत होता. मी वाकलो तर तो हालला, माझ्या श्वासानं. आणि बाहेर एक डोलीवाला खांदा चोळत बसलता, त्याच्या खांद्याला हे एवढं आवाळू, बैलाला येतंय तसं – मी त्याला बदाम दिला, तर तो म्हणाला, खाल्ला तर माकड बघतंय, आणि खरंच माकड बघत होतं. ह्यात कुठं हाय ते? हे चकचकीत. उभ्यानं काढल्यालं. ह्यात माझा अंगठा बी न्हाय. पहिल्या फोटोलाच ओळखंल ती. म्हणंल, ही कुणाची पावलं आणलीसा?

नको. नको म्हणतो ना!

तुमच्यावर न्हवं ओ ओरडलो. बसा. … हा वाजतोय, तिचाच असणार. दिवस बुडाय आलाय न्हवं. आमी दिवस बुडल्यावर जेवत न्हाय, आणि मी गेल्याबिगर ती ताटाला हात लावायची न्हाय. तुमी बोलता काय? म्हणावं, गाडी बिघडली. … न्हाय, राहू दे.

हां, आक्का. … व्हय, कोल्हापुरातच. … लागंल आता गाडी. तू जेवून घे. … अगं मी सांगतोय ना, घे जेवून, ऊन खाली गेलं. … काय? … व्हय. नीट हाईत. … आक्का. ऐक. न्हाईत. फोटो न्हाईत. ते कार्ड मी तुझ्या तांदळात ठेवलतं, ओल लागू नये म्हणून. आणि पारसनाथाला सगळं वाहिलं. त्याच्यासकट. … हॅलो? … हॅलो, आक्का?

बघा जरा, पावणं. रेंज हाय न्हवं ही? दिसतोय ना सेकंदाचा आकडा पडताना?

हां – हां, हाय मी. … तांदूळ? … व्हय, पुरला की. सगळ्या टोंकंला पुरला. … न्हाय, एक दाणा न्हाय ऱ्हायला, झटकला मी बटवा. … एक हाय. शेवटचा. त्यात कार्ड दिसतंय, तांदळात. … हाय की. कोपऱ्यात हाय अंगठा. … रडू नको. … बरं, रड. … बाकीचं? बाकीचं मी काय सांगणार, मला कुठं बोलाय येतंय. … बरं. तू डोळं मीट, मी सांगतो, येईल तसं. बायकांस्नी सांग मग, उद्या टीव्ही न्हाय. … न्हाय पोचत मी दिवस बुडायच्या आत. तू बस जेवाय. … असं कसं? … बरं. मग दोघं बी उद्याच.

ही लागली. पाटी बघा की, हुपरीच हाय न्हवं? व्हय. सरा जरा, गुडघा धरलाय. आणि ते तुमी उतरवून घेतलंय ते पुसून टाका. लांब निघालाय, उगं जागा अडवून बसंल.