वय विचारून तेल

टेम्पोवाला घाईत होता, आणि तेलाच्या दुकानात त्याच्या पुढच्या आजी काही केल्या हलत नव्हत्या.

"बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरला इंजिनचं तेल दे."

"हे न्या, नवीन आलंय. एकदम पातळ."

"पातळ नको रे, जुन्या इंजिनातून गळतं."

"मग वय किती, आजी?"

"एकाहत्तर."

"एकाहत्तर? अहो, भंगारात काढा आता!"

"मेल्या, एकाहत्तर माझं! ट्रॅक्टर चाळिशीचा आहे."

"चुकलं, आजी! मग तीस नंबरचं न्या, जरा जाड असतं. धूर काढतो का?"

"तो नाही काढत. मी चालवायला बसले की ह्यांच्या डोक्यातून निघतो. 'विकून टाक, तुला झेपत नाही,' रोज तेच पालुपद. आज सुरू झाला नाही तर विकायचा, असं ठरलंय."

"होईल सुरू, आजी," मागून टेम्पोवाला म्हणाला. "आधी जुनं तेल सगळं काढा."

"काढून आलेय. ट्रॅक्टरखाली आडवी पडून, स्वतः."

"हॉर्न तपासलात का?" दुकानदाराने डबा पुढे सरकवला.

"हॉर्न कशाला? हे बसतात ना मागे ट्रॉलीत, 'सरका, सरका' ओरडत!"