कपाळ टेकवायचं की नाही

कोरियातल्या आंदोंगच्या बसमध्ये, कोरियन चांगली समजणाऱ्या ओक मास्तरांना डुलकी लागणार, तोच मागच्या सीटवरचं जोडपं बोलू लागलं.

“योनहुई, बाबांचं पहिलं वर्षश्राद्ध आहे. फोटोपुढे कपाळ टेकवावंच लागेल,” नवरा म्हणाला.

“आणि मेलेल्या माणसाची पूजा करून रविवारी चर्चमध्ये कुठल्या तोंडाने जाशील?”

“आईपुढे तरी कुठल्या तोंडाने उभा राहू?”

“मग वाक, पण मनात प्रार्थना म्हण. आईंना नमस्कार दिसेल, देवाला प्रार्थना ऐकू येईल.”

“म्हणजे आईला फसवायचं?”

“देवाला फसवण्यापेक्षा बरं ना!”

“आणि बाबांना काय वाटेल?”

“अरे, त्या फोटोत बाबा नाहीत.”

“नाहीत ना? मग देवाला राग कुणाचा येणार?”

मास्तरांची झोप पार उडाली. मागे पिशवी खसखसली.

“संत्रं सोलू?” ती म्हणाली.