पुढचा खांदा

मेबिन : पण मास्तर, पेटीत माझ्या जागी ठेवलं तरी काय होतं?

मास्तर : असं उभ्याउभ्या विचारण्याची गोष्ट नाही ती. आधी बस. त्या खुर्चीवर नको, तिचा मागचा पाय सैल आहे.

मेबिन : सुताराच्या घरात मोडकी खुर्ची?

एस्नार्ट : सुताराच्याच घरात असते, बाबा. तीस वर्षं धंदेशिक्षणाच्या शाळेत पोरांना सांधे जुळवायला शिकवलं, पण घरातला एक पाय काही जुळला नाही. तू चटईवर बस. अरे, अकरा वर्षं आम्ही तुला मेलेला धरून चाललो! माझे डोळे अजून मानत नाहीत.

मेबिन : चिमटा काढून बघा, काकू.

एस्नार्ट : नको रे. भूत निघालास तर माझाच हात झडायचा.

मेबिन : मास्तर, मी काहीतरी विचारलंय.

मास्तर : तुझी वर्कशॉपची निळी डांगरी होती. नीट घडी घालून ठेवली होती. आणि मुक्वा लाकडाचा एक ओंडका, साठ किलोंचा.

मेबिन : ओंडका?

मास्तर : रिकामी पेटी खांद्यावर उडते. बघणाऱ्यांचा तिच्यावर विश्वास बसत नाही. तुझं वजन साधारण तितकंच असेल, असा माझा अंदाज होता.

मेबिन : छप्पन्न होतं.

मास्तर : म्हणजे चार किलो जास्त धरले मी.

एस्नार्ट : कळलं तुझ्या मास्तरांचं प्रेम? चार किलो वाढवून पुरत होते तुला.

मेबिन : हसू नका, काकू. माझं त्या पेटीपाशीच काम आहे. माणूस मेला की त्याची पेटी खांद्यावर घ्यायची, 'तुला ज्याने करणी करून खाल्लं त्याच्या दारात घेऊन चल' असं त्याला सांगायचं, आणि तो ओढील तिकडे जायचं. ही आपली रीत मला ठाऊक आहे. पण त्याला आत मेलेला माणूस लागतो.

मास्तर : वडीलधाऱ्यांनी ठरवलं की कपडे चालतील. त्या उन्हाळ्यात एकामागून एक तीन माणसं नाहीशी झाली होती आणि एकाचंही प्रेत हाती लागलं नव्हतं. आधी मध काढणारा कालुंगा. मग ती शिवणकाम करणारी फेबी. शेवटी तू. लोक दिवसासुद्धा दाराला कडी लावू लागले होते. कुणाला तरी काहीतरी करणं भाग होतं.

मेबिन : कालुंगा पोळ्याच्या झाडावरून पडला होता. दोन वर्षांनी त्याची हाडं सालीच्या दोरासकट सापडली. फेबी एका लॉरीवाल्याबरोबर पळाली. आज किट्‌वेत तिची तीन मुलं आहेत. आणि मी कोलवेझीला खाणीत माती उपसत होतो. यात कुणी कुणाला खाल्लं?

मास्तर : हे आज कळतंय. तेव्हा कळलेलं नव्हतं.

एस्नार्ट : आणि तू रे? सीमेपलीकडे गेलास तर एक निरोप धाडायला काय झालं होतं? तुला वाढवणारी ती डोरिका, सख्खी मावशी तुझी! तिच्या पायाशी बसून 'जातो' म्हणायला तोंड नव्हतं?

मेबिन : तिने जाऊ दिलं नसतं. म्हटलं, तीन महिन्यांत हातात काहीतरी घेऊन येईन. तीन महिन्यांनी हातात काही नव्हतं. वर्षाने तर अंगावरचे कपडेही दुसऱ्याचे होते. मग यायचीच लाज वाटायला लागली, काकू. लाजेचं असं असतं, ती जुनी होते तशी आणखी जड होत जाते. पण मला माहीत नव्हतं की इथे माझ्या नावाने मावशीचं घर पेटवलंय.

मास्तर : घर नाही. छप्पर.

मेबिन : छप्पर, मास्तर? बरं. छप्परच.

मास्तर : माफ कर. जे झालं ते नेमकं बोलायची सवय आहे मला.

मेबिन : मग नेमकंच बोला. पेटीत मेलेला माणूस नव्हता. मी जिवंत होतो. कोलवेझीत भात शिजवत असेन किंवा झोपलो असेन. मग मुसुकूच्या झाडापाशी फाट्यावर पेटी मावशीच्या घराकडे वळवली कुणी?

एस्नार्ट : चौघांच्या खांद्यावर होती ती. मागे व्हाइटसन आणि त्याचा भाऊ, पुढे हे आणि म्हातारा कासोन्सो. कासोन्सो आता जमिनीखाली आहे. त्याला काय विचारणार?

मेबिन : व्हाइटसनला विचारलं मी. तो म्हणाला, मागून आम्ही सरळ रेटत होतो. पुढून डावीकडे वळली. पुढचा डावा खांदा मास्तरांचा होता.

मास्तर : व्हाइटसनला माझ्या वर्गात काटकोन कधी काढता आला नाही.

मेबिन : मास्तर.

मास्तर : ठीक आहे. ऐक. पहिली गोष्ट अशी, की त्या फाट्यावर डावीकडे जमीन उतरती आहे. मी पुढे मोजूनही पाहिली. दहा पावलांत हातभर उतार आहे. दुसरी गोष्ट, आम्ही दुपारी दोन तास उन्हात चालत होतो आणि माझा गुडघा तेव्हाही दुखायचा. भार नेहमी उताराकडे जातो. चार माणसं दमलेली असली आणि कुणीच ठरवत नसलं, तर पाय उतार धरतात. मी वळवली असं नाही. मी अडवली नाही. एवढाच माझा दोष आहे असं मी स्वतःला सांगत आलो.

मेबिन : म्हणजे माझ्या मावशीचं घर खालच्या अंगाला होतं म्हणून?

मास्तर : हो.

मेबिन : दहा कोस दूर नदीकाठच्या वस्तीत ती बोरूच्या चटया विणते. शेजारणी तिच्याकडून चटई घेतात पण तिच्या घरचं पाणी पीत नाहीत, कारण नाव तिच्याआधी तिथे पोचलंय. मी तिच्या दारात उभा राहिलो तर तिने आधी माझ्या पायाखालची सावली पाहिली. आता तिला जाऊन सांगू का, की 'मावशी, उतार होता'?

एस्नार्ट : जिवंत आहे डोरिका! मला कुणी सांगितलंच नाही.

मेबिन : विचारलं कुणी? तिघं हरवले म्हणून तुम्ही सगळं रान पालथं घातलंत. चौथी तुमच्या डोळ्यांदेखत टोपली घेऊन चालत गेली, तिला हरवलेल्यांत कुणी धरलंच नाही.

एस्नार्ट : खरं आहे. मीही नाही धरलं.

मेबिन : तिला परत यायचंय. आईच्या शेजारी मातीत जायचंय तिला. मी 'चल' म्हटलं असतं तर तेव्हाच निघाली असती, पण तिने एक अट घातली. जो पुढे होता, त्याने त्याच फाट्यावर, भर दिवसा, सगळ्यांसमोर सांगायचं की पेटी मी नेली, मेलेल्याने नाही. मी समोर उभा असूनही लोक म्हणतात, 'डोरिकाने लपवलेला, आता सोडला.' मी परत आल्याने तिचं नाव धुतलं जात नाही. तुम्ही बोललात तरच जाईल. मुखियाला मी भेटलो. उद्या सकाळी नऊला तो माणसं बोलावतोय.

मास्तर : ते मला शक्य नाही.

मेबिन : का? पोलिसांची भीती वाटते? असल्या पेटीला कायद्याने बंदी आहे म्हणून?

मास्तर : बंदी तेव्हाही होती आणि मला ठाऊकही होती. कैदेत घातलं तर मी जाईन. पण तिथे उभा राहून 'मी वळवली' म्हटलं, की पुढचा प्रश्न कुणीतरी विचारणारच. वळवली नसती तर ती सरळ कुठे गेली असती?

मेबिन : सरळ काय आहे?

एस्नार्ट : सरळ आपलं घर आहे.

मास्तर : एस्नार्ट, तू आत जा.

एस्नार्ट : मी का आत जाऊ? माझ्याच अंगणात बसलेय. सरळ आपलं घर आहे. मुसुकूनंतर दुसरं घरच नाही त्या वाटेला. म्हणजे मागची पोरं पेटी माझ्या दारात रेटत होती?

मास्तर : लोक कुजबुजत होते. तुला माहीत नव्हतं. आपली दोन बाळं पाळण्यातच गेली होती, त्यावरून आधीच बोलायचे. मग ती तिघं. फेबी शेवटची दिसली ती तुझ्याकडे अळंबी घ्यायला आली तेव्हा. कालुंगाशी तुझं पोळ्यावरून भांडण झालं होतं, चारचौघांत. आणि हा मेबिन गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे जेवला होता.

मेबिन : जेवलो होतो. काकूंनी मक्याच्या पिठाचा न्शिमा आणि वाळलेले मासे वाढले होते. निरोपाचं जेवण होतं ते, फक्त मलाच माहीत होतं.

एस्नार्ट : मग? मला तर कुणी तोंडावर काही म्हटलं नाही.

मास्तर : तोंडावर म्हणायला पेटी होती ना. फाट्यावर आलो तेव्हा मला मागचा रेटा स्पष्ट कळला. वीस पावलांवर आपला दरवाजा दिसत होता. तू उंबऱ्यात शेंगा सोलत होतीस. मी डावा पाय खाली टाकला आणि खांदा झुकवला. गुडघा दुखत नव्हता. उतार मी दुसऱ्या दिवशी जाऊन मोजला, कारण मला तो असायला हवा होता.

मेबिन : तुम्ही काकूंना वाचवण्यासाठी माझ्या मावशीचा बळी दिलात.

मास्तर : हो.

मेबिन : ती एकटी बाई होती म्हणून. तिच्या दाराआड पुरुष नव्हता म्हणून.

मास्तर : तेवढा विचार करायला वेळ नव्हता. पण पायाने तो केला असावा.

एस्नार्ट : थांब, मेबिन. मला यांना एक विचारायचंय. अहो, इकडे बघा. पेटी माझ्या दारात आली असती, तर तुम्ही गावात मान असलेला माणूस. शाळेचे मास्तर. पेटी खाली ठेवून नुसतं हसला असतात, 'आत ओंडका आहे, माझ्या हातचा' म्हणाला असतात, तरी चार माणसं ऐकती. मग घाबरलात कशाला?

मास्तर : जमाव होता, एस्नार्ट.

एस्नार्ट : जमाव डोरिकाच्या दारातही होता. मी ते विचारत नाही. तुम्हाला काय वाटलं होतं? मीच केलंय असं?

(मास्तर उठून सैल पायाची खुर्ची सरळ करू लागतात.)

एस्नार्ट : बोला. नेमकं बोलायची सवय आहे ना?

मास्तर : मी वर्कशॉपचा माणूस. चूक शोधायची तर सगळ्या मोडक्या नगांत समान काय आहे ते बघायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. मी रात्रंदिवस तेच करत होतो. तीन माणसं. तिघांच्याही शेवटच्या दिवसांत समान एकच गोष्ट सापडायची. आपलं अंगण. मी पुन्हा मांडायचो, पुन्हा तेच यायचं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण फाट्यावर पेटी जेव्हा आपल्या दाराकडे निघाली, तेव्हा मला नवल वाटलं नाही. मला वाटलं, बरोबर चाललीय.

एस्नार्ट : बरोबर चाललीय.

मास्तर : हो.

एस्नार्ट : त्या वर्षी तुम्ही माझ्या हातचं मुंकोयो पिणं सोडलंत. पोटात आग होते म्हणालात. सात-आठ महिने मी त्यात घालायची मुळं बदलून पाहिली, भांडी राखेने घासली. वाटलं, माझ्याच करण्यात काही चुकतंय. ते पोट नव्हतं तर.

मास्तर : नव्हतं.

एस्नार्ट : आणि तरी शेजारी झोपत होतात.

मास्तर : झोप लागत नव्हती.

मेबिन : काकू, मी नंतर येतो. हे तुम्हा दोघांचं आहे.

एस्नार्ट : दोघांचं कसलं? तुझ्या मावशीचं आहे. बस तू. किती वाजता म्हणालास?

मेबिन : नऊला. मी तिला सायकलवर बसवून आणतोय, आज रात्री अलीकडच्या वाडीत मुक्काम करू. पण काकू, लोक तुमच्याकडे वळले तर? मास्तर म्हणतात ते खोटं नाही. मावशीचं नाव उतरेल आणि तुमच्यावर चढेल. मला ते नकोय. मी एक बाई सोडवायला दुसरी द्यायला आलो नव्हतो.

एस्नार्ट : तू फाट्यावर उभा राहणार ना?

मेबिन : राहणार.

एस्नार्ट : मग लोकांना दाखव, माझ्याकडचं शेवटचं जेवण जेवून माणूस कसा मरतो ते. चांगला जाडजूड झालायस. फेबीला किट्‌वेहून फोन लावायला सांग, सगळ्यांना तिचा आवाज ऐकू दे. आणि एवढं करून कुणी माझं छप्पर पेटवलं, तर यांना बांधता येतं. शाळेत शिकवायचे.

मास्तर : एस्नार्ट, मी सगळं सांगेन. मी खांदा झुकवला, डोरिकाचा काही संबंध नव्हता, आत ओंडका होता. का झुकवला, तेवढं सोडून. लोकांना ते कळायची गरज नाही.

एस्नार्ट : आणि डोरिकाला? तिला काय सांगाल, उतार होता?

मास्तर : नाही.

एस्नार्ट : मग तिच्यासमोर सगळंच सांगा. माझ्याबद्दल काय वाटलं होतं, तेही.

मास्तर : तू मात्र उद्या तिथे येऊ नकोस. एवढं ऐक माझं. तू समोर असलीस तर मला तोंड उघडता येणार नाही.

एस्नार्ट : येणार मी. दुसऱ्यांदा सांगताना तुम्ही त्यातलं किती गाळता, ते मला ऐकायचंय.