शाळेच्या दारातला सायकल ट्रॅक

माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "गाडीत बसलीस की तुझी जीभ मोकाट सुटते. मागे लेकरू बसलंय, जरा सांभाळ." मी म्हटलं, "आई, त्याला काय कळतंय!"

कीर्तनाला जमलेल्या मंडळी, ऐका! रस्त्यावरची गर्दी म्हणजे कोण? दुसरे! आपण नव्हेच! आपण बिचारे त्या गर्दीत अडकलेले!

तर आमच्या कॉलनीत एक मंजिरी. — मी नव्हे हो! पेटीवाले, हसू नका! — तिचा लेक निनाद, पहिलीतला. शाळा किती लांब? गच्चीवरून घंटा ऐकू येते! तरी गाडी. का? तर रस्त्यावर गाड्या फार! सगळ्याच आयांना हीच काळजी, म्हणून सगळ्यांच्याच गाड्या! आणि त्या लावायच्या कुठे? शाळेसमोरच्या सायकल ट्रॅकवर. लाइट लुकलुकता ठेवायचा — "दोनच मिनिटं, हं!" — की पाप माफ!

एका सकाळी ट्रॅकवरून मंजिरीच्या खालच्या मजल्यावरचे पाटणकरकाका सायकलवर निघाले. पुढे गाड्यांची रांग! काका वळून रस्त्यावर उतरले. मागून मंजिरीनं हॉर्न दाबला — प्यांऽऽऽ! काका दचकले आणि आडवे! चाकापासून हातभर अंतरावर!

करकचून ब्रेक. आणि मागच्या सीटवरून गोड आवाज — "ओ आजोबा! रस्ता काय बापाचा आहे?"

मंजिरीला घाम फुटला. शब्द तिचे, स्वर तिचा!

काका खाली बसूनच म्हणाले, "नाही रे राजा. माझा बाप पायीच चालायचा."

मंजिरी धावली. "काका, ट्रॅक सोडून रस्त्यात कशाला आलात?"

"ट्रॅकवर तुम्ही सगळ्या आहात ना!"

"लाइट लावलेला असतो हो!"

"तेच तर! दिवा लावून बसलेले देव! प्रदक्षिणा घालायची तर रस्त्यावरच उतरावं लागतं, बाई!"

गुडघा धरत, सायकल ढकलत काका घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून मंजिरी निनादला पायी नेते. पण काकांची सायकल जिन्याखाली कुलपात. निनाद रोज विचारतो, "आजोबा घाबरले का गं?" मंजिरी म्हणते, "चल, उशीर होतोय." त्यांच्या दारावरूनच जाते. बेल काही वाजवत नाही.

मंडळी, तुमच्याही इमारतीत एक सायकल अशीच अचानक थांबली असेल. आज प्रसाद घेऊन जाल, तेव्हा आधी त्या दारावर थांबा. बेल वाजवा. विचारा — गुडघा कसा आहे?