टोपण दादाकडे आहे

...नाही नाही, दुखत वगैरे काही नाही, तुम्ही बसा निवांत, चिकटलाय फक्त! अंगठा. हो, ट्यूबच आहे ही, गोंदाची, आणि तिच्या तोंडावर हा माझा अंगठा, आता सांगा, या वयात हे शोभतं का? त्या कंपाउंडरने आल्या आल्या काय विचारावं? म्हणे, "काका, टोपण नाही का लावायचं?" टोपण! अहो, टोपणाचं मला नका सांगू कुणी! अख्खा जन्म टोपण धरण्यात गेलाय माझा!

तुम्हाला सांगतो, नंबर यायला अजून वेळ आहे म्हणून सांगतो, नाहीतर मी काही असा कुणालाही धरून बोलत बसणारा माणूस नाही. आम्ही लहान होतो. दादा आणि मी. वडिलांनी एकदा प्लॅस्टिकचं विमान आणलं. तयार नाही हो, जोडायचं! खोक्यावर ढगातून झेप घेणारं झोकदार विमान, आणि आत बघावं तर राखाडी फ्रेमला लटकलेले बारीक बारीक तुकडे, तोडा आणि चिकटवा. दोघांत एक आणलेलं. आता दोघांत एक म्हणजे काय, ते ज्यांना मोठा भाऊ आहे त्यांना सांगायला नको. दादाने खोका उलटा केला, खाली वाचलं, "दहा वर्षांपुढील मुलांसाठी." आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तू बसत नाहीस यात. तू टोपण धर."

धरलं! गोंदाच्या ट्यूबचं टोपण मुठीत घट्ट धरून बसलो, आणि दुसऱ्या मुठीत पायलट. हो, पायलट होता ना, नखाएवढा, हेल्मेट घातलेला. त्या विमानाचं एक शास्त्र असतं बघा, पोट दोन भागांत येतं, डावं आणि उजवं, आणि ती दोन्ही चिकटवायच्या आधी पायलट आत बसवायचा. एकदा पोट मिटलं की मिटलं! दादाने काय केलं? फटाफट गोंद लावला, दाबलं, मिटलं! पायलट माझ्या मुठीत! आणि वर मलाच, "तू दिला नाहीस!" मी म्हटलं, "तू मागितला नाहीस!" तुम्हाला सांगतो, त्या दिवशी सुरू झालेलं हे भांडण पन्नासएक वर्षं चाललंय. दिला नाहीस, मागितला नाहीस. दादाच्या साखरपुड्यातसुद्धा निघालं होतं.

बरं, मी दहा वर्षांचा झालो तेव्हा म्हटलं आता माझी पाळी, तर ती जोडायची विमानंच गायब! दुकानदार म्हणाला, "येत नाहीत रे आता." झालं! मग काय, पुढे सगळं तेच. दादा स्कूटर शिकला, मी मागे बसून पिशव्या धरल्या. दादाच्या लग्नाच्या फोटोंत मी कुठे आहे माहितीये? नाहीच! मी फोटोवाल्याची छत्री धरून उभा होतो! वडील दवाखान्यात होते तेव्हा डॉक्टरांशी दादा बोलायचा, आणि मी? थर्मास. आता तक्रार म्हणून नाही सांगत हं मी... नाही, तक्रारच आहे, पण कंटाळा आलाय आता तिचासुद्धा.

तर परवा आमची ही म्हणाली, साबण संपलाय, घेऊन या. मी गेलो, तर वाटेत खेळण्यांच्या दुकानाच्या काचेत तेच विमान! तोच खोका, तेच ढग! मी आत. काउंटरवरचा दाढीवाला म्हणतो, "काका, क्लासिक आहे. जुने साचे काढलेत कंपनीने परत. खास तुमच्यासारख्यांसाठी." तुमच्यासारख्यांसाठी म्हणजे काय हो? ...जाऊ दे. मी खोका उलटा केला. खाली काय लिहिलेलं असावं? "चौदा वर्षांपुढील!" म्हणजे बघा, मी वाढलो तसा तो नियमपण मागे मागे वाढत आला! पण म्हटलं, कितीही वाढ बाबा, आता मी तुला पुरून उरतो. घेतलं! गोंद आत नव्हता, पूर्वी असायचा, रात्रभर वाळत बसायचा. दाढीवाला म्हणाला, "हा घ्या, चुटकीत चिकटतो." घेतला. साबण राहिला.

घरी खोका उघडला. माहितीपत्रकात शब्द म्हणाल तर एक नाही, नुसते बाण! तुकडा चिमट्यात धरावा तर तो टुण्णकन उडून कपाटाखाली. मग मी ओणवा, हातात बॅटरी, कंबर म्हणते मी नाही उठत. ही वरून, "डॉक्टरांनी तुम्हाला शांत बसायचा छंद लावून घ्यायला सांगितलं होतं ना?" शांत! अहो, नोकरी बरी होती! तरी म्हटलं, पंख जोडीन, चाकं लावीन, सगळं मी, एकटा मी. एवढं एकच हवं होतं हो मला.

तर ही हळूच म्हणते, "दादांना बोलवा की."

आता दादाचं सांगतो. दादा घड्याळजी. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, केसाएवढा स्क्रू असा बसवायचा की बघतच राहावं. काही महिन्यांपूर्वी त्याचा उजवा हात गेला हो. पक्षाघात. चालतो बिलतो, पण हात नाही. चमचा धरला की सुटतो, पेला धरला की सुटतो, आणि दोनचारदा सुटल्यावर त्याने धरायचंच सोडलं. बोलणंही सोडलं. खुर्चीत बसतो, उजवा हात मांडीवर, कुणाची तरी वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा. व्यायाम करून घेणारी बाई येते, तिने रबरी चेंडू दिला, याने बघितलासुद्धा नाही. ती वहिनीला म्हणाली, "त्यांना धरावंसं वाटेल असं काही द्या, नाहीतर हात कायमचा जाईल." वहिनी काय देणार? घड्याळ दिलं, ते तर त्याने तोंड फिरवून परत केलं.

बोलावला. काय करणार? काल रविवारी वहिनी घेऊन आली, टेबलाशी बसवला, आणि बायका गेल्या आत. तो विमानाकडे बघत नाही, माझ्याकडे बघत नाही. मी ट्यूब उघडली. टेबलावर तुकड्यांचा नुसता पसारा, टोपण ठेवायला जागा नाही, म्हणून... नाही, तुम्हाला खोटं कशाला सांगू, जागा होती! पण पन्नास वर्षं, अहो, पन्नास वर्षं! त्याच्या त्या उजव्या तळव्यात टोपण ठेवलं आणि म्हटलं, "दादा, टोपण धर."

त्याने वर बघितलं. असं बघितलं की मला वाटलं आता उठून जाईल. माझंच तोंड कडू झालं, कुठून बोललो असं झालं. पण बोटं... हळू... एकेक करून... मिटली. आणि टोपण पडलं नाही!

मी पायलट बशीत ठेवून त्याच्या पुढ्यात सरकवला आणि पंख उचलला. तर इतक्या महिन्यांनी भाऊ माझ्याशी पहिला शब्द काय बोलावा? "उलटा." म्हटलं, काय? "उलटा धरलायस." मग जे सुरू झालं! जीभ जड, पण थांबेल तर शपथ. "हळू... एवढा नको थापू... चिमटा असा धरतात?... गाढवा, आधी फुंकर मार!" तुम्हाला सांगतो, शिव्या खाऊन इतकं बरं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. डोळे भरून आले हो, समोरचं धड दिसेना. आणि त्या भरात लावला गोंद, दाबलं पोट, चुटकीत मिटलं!

दादा म्हणतो, "पायलट?"

पायलट बशीत. दादाच्या पुढ्यात. मी ओरडलो, "तू दिला नाहीस!" तो म्हणतो, "तू मागितला नाहीस!"

मी पायलटच्या जागेवरची काच लावायला घेतली, म्हटलं झाकून टाकू, तर त्या चुटकीवाल्या गोंदाची वाफ अशी की काच पांढरीफटक! आतलं काही दिसेना. दादाने वाकून बघितलं आणि म्हणाला, "बरं झालं. आता आत कोण आहे, कुणाला कळतंय?" आणि हसला. अर्ध्या तोंडाने, पण मोठ्यांदा. वहिनी आतून धावत आली, तिला वाटलं पडला!

मग गेले ते घरी. रात्री पसारा आवरताना मी ट्यूब मिटायला घेतली, तर टोपण नाही! टेबलावर नाही, बशीत नाही, परत ओणवा, परत बॅटरी. तेवढ्यात फोन. वहिनी. "भावजी, हे झोपलेत, आणि मुठीत काहीतरी लाल आहे. वाटेत रिक्षात सोडलं नाही, जेवताना सोडलं नाही, झोपेतसुद्धा सोडत नाहीत. तुमचं आहे का? काढून घेऊ?" आणि रडायला लागली. आता एका हातात फोन, दुसऱ्यात ट्यूब, ट्यूबमधून गोंद गळतोय. म्हटलं, "नको वहिनी, राहू दे, राहू दे." आणि गोंद सांडू नये म्हणून धरला अंगठा दाबून! वहिनी बोलतेय, रडतेय, हसतेय, मध्येच फोन कसा ठेवणार? तुम्हीच सांगा! ठेवला तेव्हा झालं होतं हे असं. टाचणी खोचायची होती म्हणता? हो, आमची हीपण हेच म्हणाली. सगळ्यांना नंतर बरं सुचतं.

काय? माझा नंबर? आलो, आलो! कोमट पाण्यात बुडवणार म्हणे... टोपण ना? आहे हो, दादाकडे आहे. सकाळी फोन होता त्याचा, स्वतःहून! म्हणाला, "विमानाला हात लावू नकोस. रविवारी येतो, चाकं मी लावणार. टोपण मी आणतो..." मी म्हटलं, मग मी काय करू? तर म्हणाला, "नेहमीचंच."

धरतो बाबा. एक अंगठा अजून मोकळा आहे.