मुखवट्याच्या आतला डाग

विद्यापीठाच्या संग्रहालयाबाहेर पाहुण्यांच्या रांगेत म्हातारी उभी होती. पुढच्या जोडप्याची कुजबुज ऐकून तिने कान टवकारले.

"बाबांचा मुखवटा द्यायलाच नको होता."

"अगं, देणगीदार म्हणून भिंतीवर नाव लागलंय आपलं!"

"त्या गावच्यांनाही बोलावलंय. वस्तू जिथली, तिथल्या माणसांना आधी दाखवतात म्हणे इथे."

"दाखवू देत. बाबांनी त्यांच्या घरातून उचलला त्याला जमाना झाला. कोण ओळखणार?"

"आतून कपाळाशी जळलाय तो. घरचं माणूस लगेच ओळखेल."

"हळू बोल!" नवरा मागे वळला. "आजी, तुम्हीही देणगीदार का?"

"नाही रे बाबा. मला मुखवटा बघायला बोलावलंय. लहानपणी माझ्याच हातून विस्तवात पडला होता तो."