जावेचं गाणं

कर्जत स्टेशनबाहेरच्या मोबाइलच्या दुकानात माझ्यापुढं एक म्हातारी उभी होती. दुकानदाराशी तिचं चाललं होतं.

“आदिल, जुन्या फोनातलं गाणं नव्यात वाजत नाय रं.”

“जया मावशी, गाणं हाय कार्डात. पण जुना फोन ज्या पद्धतीनं आवाज साठवायचा, तिचं पेटंट कंपन्यांकडं होतं. नव्या फोनवाल्यानं परवाना घेतला नसंल.”

“गाणं माझ्या जावेचं. त्याला परवाना कसला?”

“गाण्याला नाय, ते उघडायला.”

“मग आता?”

“एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकतो. लोकांनी मिळून लिवलंय. कुणीबी घ्यावं, कुणीबी सुधारावं.”

“कुठले लोक?”

“नावं कुणाला ठाऊक!”

“भात लावतानाच्या आमच्या गाण्यांचं तसंच.”

“घ्या, वाजलं! अरे, थांबलं. परत वाजलं... परत थांबलं. मावशी, फाईल मधी मधी खराब हाय.”

“खराब नाय रं. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्या रांगेनं उचलायची. जाऊ तेव्हा आजारानं खाटेवर होती. शेलू गावच्या आमच्या शेतात बिल्डिंग उभी राहिलेली. एकटीच म्हणत होती, पण रांगेसाठी जागा सोडत होती.”

“तुमी होता ना बाजूला? तुमी का नाय उचललीत?”

“फोन मी धरला होता. माझा आवाज मधी नको, म्हणून गप बसले.”

“...परत लावू?”

“लाव. पहिल्यापासनं लाव.”